पिशव्या घरी पोचतील, शिकवणार कोण?

मा. संपादक यांस,

२०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिसच्या, म्हणजे सीएपीडीच्या, मार्गदर्शक सूचनाही आल्या. आठवड्यातून दोन-तीनदा एसटीने जिल्ह्याचं ठिकाण गाठणाऱ्या रुग्णाला घरीच उपचार मिळत असतील तर उत्तमच. पण चर्चा होते ती त्यासाठी लागणाऱ्या द्रावणाच्या पिशव्यांच्या दराची आणि पुरवठ्याची. रुग्णाला शिकवायचं कोणी, किती दिवस, आणि शिकवणाऱ्या नर्सला कोणी शिकवलं, हे विचारलं जात नाही. आमच्या मते सीएपीडी फसतं ते इथे.

काम ऐकायला सोपं आहे. पोटात बसवलेल्या नळीतून, म्हणजे कॅथेटरमधून, दोन लिटर द्रावण पोटात सोडायचं, चार ते सहा तास ठेवायचं, काढायचं, नवं भरायचं. असं दिवसातून तीन-चार वेळा. यात नळीचं तोंड उघडं असतं ते जेमतेम काही सेकंद, आणि पोटाच्या आतल्या पडद्याला होणारा जंतुसंसर्ग, पेरिटोनायटिस, बऱ्याचदा तेवढ्यातच शिरतो. म्हणून शिकवण्याचा सगळा भर त्या सेकंदांवर हवा. पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, कारण ओल्या हाताबरोबर जंतू सहज सरकतात. पदराला हात पुसले की धुतलेलं सगळं वाया. जुनं पाणी निघालं की ट्रान्स्फर सेट, म्हणजे कॅथेटरच्या टोकाला जोडलेली छोटी नळी, बंद करायचा आणि नव्या पिशवीतलं द्रावण पाच आकडे मोजेपर्यंत नळीतून थेट ड्रेन बॅगेत, म्हणजे निघालेलं पाणी जमा होणाऱ्या पिशवीत, जाऊ द्यायचं. मग ड्रेनच्या नळीचा क्लॅम्प (चिमटा) लावून पोटाकडची वाट उघडायची. जोडताना तोंडाशी काही लागलं असेल तर ते या धारेत वाहून जातं, नळीतली हवाही निघते. घाईत नेमकी हीच पायरी गळते, कारण ती गाळल्याचं त्या दिवशी काहीच कळत नाही.

हे एकदा करून दाखवलं आणि कागदावर सही घेतली, याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. कॅथेटर बसवल्यावर साधारण दोन आठवडे थांबावं लागतं; तेवढ्यात एप्रनला शिवलेल्या नळीवर सराव होऊ शकतो. रुग्णाने करायचं, नर्सने हात मागे बांधून उभं राहायचं. मधूनच चूकही घडवून आणायची: नळीचं टोक गादीला लागलं, आता काय? नुसती नवी टोपी लावून पुढे जायचं नाही. क्लॅम्प बंद, नवी टोपी, आणि लगेच केंद्राला फोन. ट्रान्स्फर सेट बदलावा लागतो, आणि टोक लागल्यानंतर द्रावण पोटात गेलं असेल तर अँटिबायोटिकही. चूक लपवू नये एवढा विश्वास रुग्णाला आधी वाटला पाहिजे. रागावणारी नर्स इथे उपयोगाची नाही.

निघालेलं पाणी स्वच्छ आहे का, याची परीक्षा आपल्या वृत्तपत्रावरच होते. पिशवी छापील पानावर ठेवायची. अक्षरं धूसर दिसली तर पाणी गढूळ. मग पोट दुखो वा न दुखो, ती पिशवी फेकायची नाही, त्याच दिवशी केंद्रात न्यायची.

पाणी नीट निघत नसेल तर घाबरून दवाखाना गाठण्याआधी नळी कुठे मुडपली आहे का ते पाहावं, कूस बदलावी, आणि शौचाला कधी झालं ते आठवावं. बद्धकोष्ठ हे यामागचं नेहमीचं कारण आहे. निघालेल्या पाण्याच्या पिशवीचं ताणकाट्यावर वजन करून, रिकाम्या पिशवीचं वजन वजा करून, वही रोज भरायची. दोन लिटर घालून १,७०० मिली निघालं, तर ३०० मिली आतच आहे. असं लागोपाठ झालं, रुग्णाचं वजन वाढलं, पाय सुजले, तर डॉक्टर १.५ टक्के साखरेच्या द्रावणाऐवजी २.५ टक्क्यांची पिशवी सांगू शकतात. स्वतःच्या मनाने ४.२५ ची लावणारेही असतात. त्यातली साखर शरीरात जाते आणि पाणीही वाजवीपेक्षा जास्त ओढलं जातं. पिशवी गरम करायला उकळत्या पाण्यात बुडवू नये, तोंडाशी ओल राहते. मायक्रोवेव्हही नको. कोरडी ऊब पुरते. मे महिन्यात मराठवाड्यात बहुधा तीही लागत नाही.

हिमोडायलिसिसच्या, म्हणजे रक्त शुद्ध करणाऱ्या, मशीनवर हात बसलेली नर्स आपोआप सीएपीडीची शिक्षिका होत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत. एकात स्वतः करायचं असतं, दुसऱ्यात दुसऱ्याकडून करवून घ्यायचं. म्हणून प्रत्येक जिल्हा केंद्रात निदान दोन नर्स खास याच कामाला नेमाव्यात आणि त्यांची सहा महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात बदली करू नये. तीन महिन्यांनी, आणि प्रत्येक पेरिटोनायटिसनंतर, रुग्णाची उजळणी त्यांनीच घ्यावी. त्यांच्या घरभेटीच्या प्रवासखर्चाची तरतूद योजनेतच हवी. दिवसाला तीन म्हणजे महिन्याला ९० पिशव्या, म्हणजे १८० किलोंहून जास्त माल. पत्र्याच्या दोन खोल्यांत तो फळीवर, कोरडा, उंदरांपासून दूर कुठे राहील, आणि एक्स्चेंजसाठी, म्हणजे पिशवी बदलताना, दार लावता येईल असा कोपरा आहे का, हे पहिला टेम्पो निघण्याआधी कोणीतरी जाऊन पाहायला हवं.

– डायलिसिस विभागातील काही परिचारिका