बत्तीस कोअर आणि एक गव्हाण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका संस्थेने '३२ कोअरचा शक्तिशाली सर्व्हर' बसवल्याची बातमी आली. कोअर म्हणजे संगणकाच्या मुख्य चिपमधला, म्हणजे प्रोसेसरमधला, स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग. फोटोत नारळ होता, पेढे होते, सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचा हार होता. हाराबद्दल काही म्हणणं नाही, आम्हीही घातला होता. पण मथळ्यात ठळक छापलेला तो ३२ चा आकडा वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

लातूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक, विभागात मी सव्वीस वर्षं काढली. काट्याच्या पावत्या, चिटबॉयनी (उसाची नोंद घेणाऱ्या कर्मचाऱ्यांनी) शेतातून पाठवलेल्या नोंदी, टोळ्यांची तोडणी-वाहतूक बिलं आणि या सगळ्यांच्या शेवटी पंधरवड्याचं ऊसबिल, असं आमचं काम. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. त्यामुळे पंधरवडा संपला की शेतकी विभागापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांची एकच विचारणा, "बिल निघालं का?"

२०२२ च्या उन्हाळ्यात जुना सर्व्हर बदलायचं ठरलं आणि दोन कोटेशनं आली. एकात इंटेलचे झिऑन सिल्व्हर ४३१४ हे दोन प्रोसेसर, प्रत्येकी १६ कोअर, म्हणजे एकूण ३२. दुसऱ्यात एएमडीचा एपिक ७३१३पी हा एकच प्रोसेसर, १६ कोअरचा. खरेदी समितीपुढे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले गेले आणि ३२ विरुद्ध १६ असा निकाल पाच मिनिटांत लागला. एका संचालकांनी तर विचारलं, "अहो, ट्रॅक्टर अर्ध्या हॉर्सपॉवरचा कोण घेतं?"

त्याआधी मी दोन्ही पार्ट्यांकडून तीन-तीन दिवसांसाठी यंत्रं मागवून घेतली होती. दोन्हींत आमच्याच एसएसडी (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्क) घातल्या, जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्याचा तोच बॅकअप चढवला आणि ऊसबिलाचा प्रोग्राम प्रत्येकी तीनदा चालवला. पहिली फेरी सोडून दिली, कारण तेव्हा डेटा मेमरीत आलेला नसतो. झिऑनवर ४१ मिनिटं लागली, एपिकवर ३५. जुन्या यंत्रावर पावणेदोन तास लागायचे, पण त्या सुधारणेचं श्रेय प्रोसेसरला देऊ नका. निम्मा वेळ फिरत्या डिस्कच खात होत्या.

झिऑनवर बिल चालू असताना मी टास्क मॅनेजर (कोणत्या कोअरवर किती भार आहे ते दाखवणारा पडदा) उघडून बसलो होतो. ३२ कोअर, प्रत्येकाचे दोन थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारे कामाचे धागे), म्हणून पडद्यावर ६४ चौकटी. एका वेळी त्यातली एखादीच वर चढायची, बाकीच्या जमिनीला टेकलेल्या. कारण उघड आहे. आमचा प्रोग्राम जुना. एक शेतकरी घेतो, त्याचं वजन बघतो, सोसायटीची कर्जवसुली कापतो, रक्कम लिहितो, मग पुढचा शेतकरी. हे काम एकाच कोअरवर चालतं. गव्हाण, म्हणजे ऊस गाळपाला आत नेणारा पट्टा, एकच असेल तर तोडणीच्या टोळ्या दुप्पट करून गाळप वाढत नाही, फक्त यार्डातली गाड्यांची रांग वाढते. हे आमच्या प्रत्येक संचालकाला तोंडपाठ होतं. फक्त सर्व्हरचा कागद समोर आला की विसरायला व्हायचं.

एका कोअरचा वेग पाहायचा तर कागदावरही तो दिसत होता. सिल्व्हर ४३१४ चा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्‌झ, जास्तीत जास्त ३.४. ७३१३पी चा मूळ ३.०, जास्तीत जास्त ३.७. कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, एकाची २४ एमबी, दुसऱ्याची १२८. मात्र हे १२८ जसेच्या तसे धरू नयेत. ते ३२-३२ चे चार वेगळे डबे आहेत आणि कोअरला जवळचा डबा आपलाच. तरी २४ पेक्षा ३२ जास्तच. झिऑनच्या विक्रेत्याने दाखवलेला 'स्पेक' या प्रमाणित वेगचाचणीचा आकडा खोटा नव्हता, पण तो 'रेट'चा होता. एकाच कामाच्या पुष्कळ प्रती एकदम चालवल्या तर एकूण किती उरकतं, ते त्यात मोजतात. एक काम किती लवकर संपतं हे 'स्पीड'च्या चाचणीत असतं. तो तक्ता त्याच्या फायलीत नव्हताच.

आता पैशाचं. कंपन्यांच्या यादीत सिल्व्हर ४३१४ ची किंमत ६९४ डॉलर, ७३१३पी ची ९१३. सुटा पाहिला तर इंटेल स्वस्त, दोन घेतले की १,३८८. पण खरा खड्डा इथे नाही, तो परवान्यांत आहे. विंडोज सर्व्हरचे परवाने कोअर मोजून घ्यावे लागतात आणि किमान १६ कोअरचे घ्यावेच लागतात. १६ कोअरच्या एका प्रोसेसरात ते बरोबर बसतं. एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे डेटा सांभाळणारं सॉफ्टवेअर, तोही कोअर मोजतो आणि त्याच्या दोन कोअरच्या एका पुड्याची किंमत त्या प्रोसेसरच्या किमतीच्या कितीतरी पट. गंमत पुढे आहे. आमच्याकडे २०१९ ची स्टँडर्ड आवृत्ती होती आणि ती २४ च्या वर कोअर वापरतच नाही. म्हणजे पैसे ३२ चे भरा, वापरा २४, आणि ऊसबिलाला लागतो एक!

वीजही बघा. दोन झिऑन मिळून कागदोपत्री २७० वॉट, एपिक १५५. पूर्ण भाराने वर्षभर चालले तर साधारण हजार युनिटांचा फरक. प्रत्यक्षात इतका भार कधी नसतो. हंगामात आमची बगॅसवरची (उसाच्या चोथ्यावरची) स्वतःची वीज असते, पण हंगाम संपला की महावितरणचं मीटर आणि सर्व्हर तर बारा महिने चालू. ही रक्कम मोठी नाही. तरी कोटेशनच्या तुलनेत तिला एक ओळही मिळाली नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ७३१३पी मधला 'पी' म्हणजे तो एकट्यानेच चालतो, त्याच्या जोडीला दुसरा बसवता येत नाही. ज्यांना एकाच यंत्रावर दहा-बारा आभासी (सॉफ्टवेअरने बनवलेले वेगवेगळे) सर्व्हर चालवायचे आहेत, किंवा ज्यांचा प्रोग्राम काम वाटून घेणारा आहे, त्यांना ३२ कोअर लागतील. लागू देत, त्यांनी घ्यावेत. आम्हाला मात्र "पाच वर्षांची वाढ धरून घ्या" म्हणून घ्यायला लावले. मराठवाड्यात वाढ धरायची म्हणजे काय? २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यानंतरच्या हंगामात आमच्या सर्व्हरला कामच काय होतं? इथली वाढ पाऊस ठरवतो.

घेतला शेवटी ३२ चाच. जुन्या यंत्रात १६ कोअर होते, परवानेही १६ चेच. वर्षभराने परवान्यांची तपासणी निघाली तेव्हा उरलेल्या १६ चा हिशोब समोर आला आणि मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. परवाने घ्यायला तरतूद नव्हती. मग एका रविवारी, गाळप बंद असताना, आम्ही दोघांनी झाकण उघडलं आणि दुसरा प्रोसेसर काढून घेतला. त्याच्या बाजूच्या मेमरीच्या पट्ट्या पहिल्याच्या बाजूला लावल्या. नेटवर्क कार्डची खाच काढलेल्या प्रोसेसरला जोडलेली असल्याने तीही मेली होती, म्हणून कार्डही हलवलं. सर्व्हर चालू केला, पंधरवड्याचं बिल लावलं. लागली ४१ मिनिटं. एक मिनिट जास्त नाही, एक मिनिट कमी नाही.

आज एका प्रोसेसरात १९२ कोअर मिळतात. त्यामुळे यापुढच्या बातम्यांचे मथळे आणखी मोठे होतील. आपल्या बातमीदाराने पुढच्या वेळी हार घालणाऱ्यांना एवढंच विचारावं, की यावर तुमचं कोणतं काम चालवून पाहिलं, आणि परवाने किती कोअरचे घेतले?

तो काढलेला प्रोसेसर त्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून ईडीपीच्या लोखंडी कपाटात ठेवला, काट्याच्या जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्यांशेजारी. गेल्या वर्षी निवृत्त होताना चार्ज दिला, त्या यादीत मी स्वतः लिहिलं, "प्रोसेसर, नग १, सुस्थितीत."

आपला,
एक निवृत्त ईडीपी कर्मचारी, लातूर
(नाव व पत्ता संपादकांकडे)