हार्डटॉपचा हरवलेला बोल्ट ‘बसतो ना’ एवढ्यावर निवडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाऊस तोंडावर आला की नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या बॉडीवाल्यांकडे जिप्सी, जुन्या जीप आणि थार यायला लागतात. उन्हाळ्यात उतरवून ठेवलेला फायबरचा हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारं कडक छत, पुन्हा चढवायचा असतो आणि पिशवीतले दोन-चार बोल्ट सापडत नसतात. मग ‘तेराचा बोल्ट द्या’ म्हणत जो मिळेल तो लावला जातो. हार्डटॉप गळण्याचं, खडखडण्याचं आणि फायबर तडकण्याचं मूळ बहुतेक वेळा या घाईत असतं, म्हणून हे पत्र.

तेरा हे पान्याचं माप आहे, बोल्टचं नाही. तेराचा पाना एम८, म्हणजे ८ मिमी जाडीच्या बोल्टला लागतो आणि अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची बोल्टलाही जवळपास बसतो, कारण त्याचं डोकं अर्ध्या इंचाचं, १२.७ मिमीचं असतं. दोन्हींची जाडीही सारखीच भासते: ८ मिमी आणि ७.९४ मिमी. फरक आट्यांत आहे. एम८च्या नेहमीच्या आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी, तर अडीच सुतीच्या जाड आट्यांचं १.४१ मिमी. त्यामुळे चुकीचा बोल्ट एक-दोन फेरे सुखाने जातो आणि मग अडतो. तिथे ‘गंजलाय’ समजून लांब पाना लावला की आतल्या वेल्ड नटचे (पत्र्याला आतून जोडलेल्या नटचे) आटे गेलेच. जिप्सीला मिमीचेच आटे आहेत. विलीज बांधणीच्या जुन्या जीपला मात्र मूळचे आटे इंची, आणि मधल्या काळात कुणी टॅप मारून (आटे पाडायच्या हत्याराने) मिमीचे आटे पाडले असले तर एकाच गाडीत दोन्ही सापडतात. म्हणून उरलेला एक बोल्ट काढून दुकानात न्यावा आणि नव्याचे आटे त्याच्या आट्यांत आडवे बसवून उजेडाकडे धरावेत. पूर्ण लांबीभर फट दिसली नाही तरच तो घ्यावा. एकही बोल्ट उरला नसेल, तर नवा बोल्ट नुसत्या बोटांनी चार-पाच फेरे गेला पाहिजे. पान्याने सुरुवात करायचीच नाही.

दुसरी चूक लांबीची. हार्डटॉपच्या कडेची जाडी, दबलेलं रबर आणि वायसर यांची बेरीज करा आणि त्यात आट्यांत शिरायला निदान बोल्टच्या जाडीएवढी लांबी मिळवा. कड ५ मिमी, दबलेलं रबर ३, वायसर २ आणि आट्यांसाठी ८ ते १२ धरले, तर २० मिमीचा बोल्ट पुरतो. २५चा घ्यायचा असेल तर भोकात आधी बॉलपेनची रिकामी रिफिल घालून खोली मोजा. बंद भोकात लांब बोल्ट तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि हार्डटॉप मात्र सैलच राहतो. ही चूक सगळ्यात फसवी आहे, कारण तपासणाऱ्यालाही सगळं कसलेलं वाटतं.

वायसरकडे तर कुणी पाहतच नाही. एम८चा साधा वायसर १६ मिमी व्यासाचा, मोठा २४ मिमीचा. मोठा लावला की फायबरवर टेकणारी जागा अडीच पटींहून अधिक होते. लहान वायसरखाली फायबर चिरडतं, भोक लांबट होतं, वरचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, कोळ्याच्या जाळ्यासारखा तडकतो आणि त्या तड्यांतून पाणी आत जातं. मोठ्या वायसरखाली रबरी वायसर द्यावाच. भोकात कडेच्या जाडीएवढी लोखंडी बुशिंग (छोटी नळी) बसवली तर उत्तमच, कारण मग कसण्याचा जोर फायबरवर येत नाही. बुशिंग नसेल तर रबर दबलं की पाव फेरा, बस. लोखंडावर लोखंड असताना ८.८ या मजबुतीच्या दर्जाचा एम८ साधारण २५ न्यूटन-मीटरपर्यंत कसतात. तो हिशेब उघड्या फायबरला लावू नये.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असावं, वर झिंक. स्टेनलेस हौसेने लावतात, पण स्टेनलेस बोल्टवर स्टेनलेस नट कोरडा फिरवला तर तो मध्येच असा धरतो की कापावाच लागतो. आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावूनच चढवावा. निळं थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, धातूच्या आट्यांसाठी ठीक, पण प्लास्टिकच्या नॉबला किंवा क्लिपला लागू देऊ नये, काही प्लास्टिक त्याने तडकतं.

वेल्ड नटमध्ये रंग किंवा अंडरकोट भरला असेल आणि आटे मिमीचे असल्याची खात्री असेल तर १.२५चा एम८ टॅप हाताने फिरवून साफ करा. नट सुटून आत गरगर फिरत असेल तर बोल्ट मोठा करून उपयोग नाही. तिथे रिव्हेट नट, म्हणजे बाहेरूनच पत्र्यात दाबून बसवायचा नट, बसवावा. एम८साठी भोक साधारण ११ मिमीचं पडतं. भोकाच्या उघड्या कडेला प्रायमर न लावता पुढे गेलात तर इगतपुरीच्या एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

चढवताना सगळे बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे धरवा. एकच आधी पूर्ण कसला की बाकीची भोकं सरकतात, बोल्ट तिरका शिरतो आणि आटे जातात. मग विंडशील्डच्या चौकटीवरचे, मागचे कोपरे आणि शेवटी बाजूचे, असे दोन फेऱ्यांत कसा. पुढच्यांना मान आधी द्यायची, कारण वाऱ्याची उचल तिथे जास्त आणि ती वेगाच्या वर्गाने वाढते. गंगापूर रोडवर साठच्या वेगाला जी असेल ती समृद्धीवर एकशेवीसला चौपट. एक बोल्ट कमी असलेली गाडी गावात चालेल, महामार्गावर नेऊ नये. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर रबर बसतं, तेव्हा सगळे बोल्ट पुन्हा एकदा पाहावेत.

थार नाशकातच बनते आणि फायबरचे हार्डटॉप करणारे कारागीरही इथेच आहेत. त्यांना कळकळीची विनंती आहे की प्रत्येक हार्डटॉपसोबत बोल्टची जाडी, आट्यांचं अंतर, लांबी, संख्या आणि वायसरचा व्यास लिहिलेला कागद द्या, त्याच मापाचे चार बोल्ट जास्तीचे द्या, आणि हीच मापं हार्डटॉपच्या आतल्या बाजूला पक्क्या रंगाने लिहून ठेवा. कागद हरवतो, हार्डटॉप हरवत नाही.

– बॉडीकाम करणारे काही वाचक, अंबड, नाशिक