445 नॅनोमीटरवरचा आकडा

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. अल्कधर्मी द्रावणातले रिबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्व, तू अतिनील दिव्याखाली ठेवलेस, दर दहा मिनिटांनी 445 नॅनोमीटरवर त्याचे शोषण मोजलेस आणि आकडा फारसा उतरला नाही म्हणून औषध टिकले, असा निष्कर्ष काढलास. मोजमाप मन लावून केले आहेस, हे तक्त्यावरून दिसते. पण निष्कर्ष मला मान्य नाही.

रिबोफ्लेविनच्या रेणूत तीन कड्यांचा एक सांगाडा असतो. प्रकाश तोच शोषतो आणि द्रावणाला पिवळा रंगही त्याच्यामुळेच येतो. त्या सांगाड्याला रिबिटिल नावाची, साखरेच्या घडणीची एक शेपटी जोडलेली असते. प्रकाश शोषला जातो सांगाड्यात, तुटते मात्र शेपटी. द्रावण अल्कधर्मी असेल तर त्यातून प्रामुख्याने ल्युमिफ्लेविन तयार होते, ज्याचा सांगाडा शाबूत असल्यामुळे तेही 445 च्या आसपासच जवळजवळ तितकेच शोषण दाखवते. जीवनसत्त्वाचा गुण गेला तरी रंग राहिला, आणि तुझ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरने तो रंग इमानेइतबारे मोजला. हाच प्रयोग उदासीन द्रावणात केला असतास तर ल्युमिक्रोम तयार झाले असते, त्याच्या शोषणाचे शिखर 355 च्या जवळ असल्याने 445 वरचा आकडा स्पष्ट घसरला असता आणि तुला लगेच शंका आली असती.

खात्री करून घ्यायची असेल तर दिव्याखालून काढलेले द्रावण थोडे आम्ल करून फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात, क्लोरोफॉर्मबरोबर हलव आणि थर वेगळे होऊ दे. रिबोफ्लेविन वरच्या पाण्यातच राहते. ल्युमिफ्लेविन खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरते आणि अतिनील दिव्याखाली तो थर पिवळसर हिरवा चमकतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ हातातली नळी खाली ठेवली नव्हती.

म्हणून एका तरंगलांबीवर विसंबू नकोस. प्रत्येक वेळी 220 पासून 500 नॅनोमीटरपर्यंतचा पूर्ण वर्णपट, म्हणजे प्रत्येक तरंगलांबीवरचे शोषण, घे आणि सगळ्या रेषा एकाच आलेखावर काढ. त्या सगळ्या एखाद्या ठिकाणी एकाच बिंदूतून जात असतील, तर एका पदार्थाचे सरळ दुसऱ्या एकाच पदार्थात रूपांतर होत असण्याचा संभव मोठा. काही वेळाने त्या बिंदूपासून रेषा ढळू लागल्या, तर तयार झालेला पदार्थही पुढे मोडतो आहे असे समज. अशा मिश्रणाचे घटक शेवटी एचपीएलसीने, म्हणजे द्रावण दाबाखाली स्तंभातून सोडून घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीनेच, वेगळे करावे लागतात.

माझ्याकडूनही अशी चूक झाली आहे. निफेडिपिन या रक्तदाबावरच्या औषधाचे द्रावण मी खिडकीजवळच्या टेबलावर निवांतपणे तयार केले होते. हे औषध इतके प्रकाशभीरू आहे की त्याचे द्रावण अंधारात किंवा 420 नॅनोमीटरहून लांब तरंगांच्या प्रकाशात करायचे असते. अतिनील किरणांत त्याचे नायट्रोफेनिल पिरिडीन होते आणि साध्या दिवसाच्या उजेडात नायट्रोसोफेनिल पिरिडीन. माझा शून्य मिनिटाचा वर्णपट आधीच बिघडलेल्या औषधाचा होता, आणि त्याच्याशी तुलना करून काढलेले सगळे आकडे मला टाकून द्यावे लागले.

तुझ्या तक्त्यात फॉइलमध्ये गुंडाळलेला नमुना कुठेच दिसला नाही. अल्कधर्मी द्रावणात रिबोफ्लेविन अंधारातही हळूहळू मोडते, शिवाय दिव्याची उष्णता असतेच. तेव्हा अगदी तसाच नमुना फॉइल लावून त्याच दिव्याखाली ठेवल्याशिवाय प्रकाशाचा वाटा किती, हे सांगता येणार नाही. क्युव्हेट, म्हणजे द्रावण ठेवायची छोटी चौकोनी नळी, काचेची होती की क्वार्ट्झची, तेही लिही, कारण साधी काच लहान तरंगांचे अतिनील किरण आत येऊच देत नाही. आणि नुसती मिनिटे लिहू नकोस. दिवा बदलला की दहा मिनिटांना काही अर्थ राहत नाही, म्हणूनच औषधांचे निकष ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या, प्रकाशस्थैर्यावरच्या क्यू1बी या मार्गदर्शक सूचनेत वेळ दिलेली नसून किमान मात्रा दिली आहे: दृश्य प्रकाशाची 12 लाख लक्स-तास आणि जवळच्या अतिनील किरणांची दर चौरस मीटरला 200 वॅट-तास.

नवे द्रावण मंद उजेडात कर, आणि दिवा लावण्याआधीचा वर्णपट व फॉइलमधल्या नमुन्याचा वर्णपट एकाच आलेखावर मला पाठव.

तुझी,
आई