टीटीएमएम इथे चालत नाही

देजॉन, दक्षिण कोरिया
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय चिंगे,

"तुझी ती कोरियन मैत्रीण म्हणजे नेमकं काय प्रकरण आहे?" एवढं विचारायला केवढा मोठा व्हॉइस मेसेज! उत्तरही तेवढंच लांब आहे, म्हणून आज रविवारी लिहायलाच बसले.

तिचं आडनाव किम. इथे दर पाच माणसांत एक किम असतो, आमच्या लॅबमध्येच तीन आहेत. तेव्हा पत्रात नुसतं किम म्हटलं तरी ती कुणाला सापडायची नाही. ओळख झाली तेव्हा नावापाठोपाठ तिने जन्मसाल विचारलं. मला वाटलं, काय भोचक बाई आहे! पण इथे त्याशिवाय बोलणं पुढे सरकतच नाही, वाक्याचा शेवट कसा करायचा तेही वयावर ठरतं. जन्मल्याबरोबर बाळ एक वर्षाचं धरायची जुनी मोजणी सरकारने जून २०२३ मध्ये सरकारी कामातून बाद केली, तरी मोठं कोण, धाकटं कोण हे लोकांच्या डोक्यातून थोडंच जातंय. ती माझ्याहून वर्षाने मोठी निघाली. म्हणजे ऑन्नी, ताई. आणि ताई म्हटली की जेवणाचं बिल तिचं.

आपण कशा, वैशालीत एक डोसा दोघींत खाऊन रुपया-रुपयाची वाटणी करणाऱ्या! इथे माझं पाकीट पर्समधून निघेपर्यंत किम काउंटरवर कार्ड देऊन मोकळी. मी पैसे पुढे केले की म्हणते, "कॉफी तू दे." कॉफी मी दिली की पुढच्या शनिवारी ती मला सुंगशिमदांगच्या रांगेत उभी करते. देजॉनची ही बेकरी १९५६ पासूनची आहे. तिथला तो लाल चवळीचं गोड सारण भरून तळलेला सोबोरो पाव गरम असतानाच खायचा. मग त्याची परतफेड माझ्याकडे. हिशेब कधी मिटतच नाही, आणि मिटत नाही म्हणून पुढची भेट आपोआप ठरते. हल्ली इथली तरुण मुलंही अ‍ॅपवर बिल वाटून घेतात म्हणा. किमही घेते, पण ते ज्यांना पुन्हा भेटायचं नसतं त्यांच्याबरोबर, असं तीच म्हणते.

छुसॉकच्या सणाला ती मला देगूला घरी घेऊन गेली. चांद्र वर्षातल्या आठव्या महिन्याची ती पौर्णिमा. यंदा ६ ऑक्टोबरला आली, म्हणजे तिकडे तुम्ही कोजागरीचं दूध आटवत होतात तेव्हाच. आदल्या संध्याकाळी सगळ्याजणी सोंगप्यॉन करायला बसल्या. तांदळाच्या पिठीत कढत पाणी घालून मळायचं, छोटा गोळा अंगठ्याने खोलगट करायचा, आत तीळ-साखर, मग चंद्रकोरीसारखा मिटून पाइनच्या हिरव्या सुयांवर वाफवायचा. माझी बोटं ऐकेचनात, सरळ मोदकाच्या कळ्या पाडायला लागली. किमची आई बघतच राहिली. माझे मोदक तिने कौतुकाने वाफवले, सगळ्यांना वाढलेही. पण सकाळी पूर्वजांपुढे जे ताट मांडलं त्यात एकही ठेवला नाही. तिथे कुठला पदार्थ कुठल्या ओळीत हे सगळं ठरलेलं. मला ते फार आवडलं. आजीने नैवेद्याच्या पानात दुसऱ्या कुणाची लुडबुड चालवून घेतली असती का?

पूजा पुरुषांनी केली, तळणाची कढई बायकांकडे. किम धुसफुसत होती. "तिकडे लेझरवर काम करते आणि इथे आले की भोपळा तळते." तेवढ्यात एका मावशीने तिला हसत काहीतरी विचारलं. माझं कोरियन अजून यथातथाच आहे, पण ते वाक्य मला पहिल्या फटक्यात कळलं. लग्न कधी करतेस! आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि हसू आवरायला स्वयंपाकघरात पळालो.

तिचे आजोबा सगळ्यांत कमी बोलतात. मी भारतातली कळल्यावर मात्र ते कोरियन युद्धाबद्दल बोलू लागले. तेव्हा ते लहान होते, पण देगूतले भारतीय लष्करी डॉक्टर त्यांना आठवतात. १९५० च्या नोव्हेंबरात आपल्या लष्कराची वैद्यकीय टीम, ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स कोरियात गेली होती, लेफ्टनंट कर्नल रंगराज तिचे प्रमुख. तिची एक तुकडी देगूत होती. आपल्याला हे शाळेत कुणी सांगितलं होतं गं? आजोबांनी माझा पेला स्वतः भरला. मी दोन्ही हातांनी धरला. मोठ्यांनी ओतलं की तसाच धरतात, हे किमने गाडीत पढवून ठेवलं होतं.

आता कामाचं. फेब्रुवारीत सोल्लालच्या, म्हणजे इथल्या नववर्षाच्या सुट्टीत ती पुण्याला येतेय, माझ्याआधी चार दिवस, आणि राहणार तुझ्याकडे. जन्मसाल विचारेल, सांगून टाक. तू तिच्याहून मोठी आहेस, म्हणजे बिलं तुझी, कुरकुर करू नकोस. काकूंना सांग, तिखटाची काळजी नको, आपल्या दोघींहून जास्त खाते. फक्त कोथिंबीर वेगळ्या वाटीत ठेवा, तिला ती साबणासारखी लागते. आणि जेवायला चमचा द्या, हाताने जमेल तसं शिकेल.

तिची गाडी कितीची ते नक्की झालं की कळवते.

तुझीच,
जुनी रूममेट