माइक घेतला, पण त्याची मांडणी आणि निगा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाविद्यालये, ग्रंथालये आणि सामुदायिक रेडिओ केंद्रे आज लहान ध्वनिमुद्रण कक्ष उभारत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र या कक्षांसाठी माइक निवडताना जेवढा विचार होतो, तेवढा तो कसा लावावा आणि कसा सांभाळावा याचा होत नाही, आणि चांगल्या यंत्राचा आवाज त्यामुळेच बिघडतो, याकडे आपल्या दैनिकाद्वारे लक्ष वेधू इच्छितो.

पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न आणि उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज असलेल्या आपल्याकडच्या खोल्यांना बारीकसारीक आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सर माइकपेक्षा कमी संवेदनशील असा डायनॅमिक माइक अधिक मानवतो, कारण तो तोंडाजवळ ठेवून वापरता येतो आणि मग खोलीचा आवाज आपोआप मागे पडतो. परंतु हाच माइक हातभर लांब ठेवला, तर हा सारा फायदा संपतो. अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते, ती भरून काढण्यासाठी गेन, म्हणजे माइकच्या क्षीण संकेताचे वर्धन, वाढवला जातो आणि त्याबरोबर पंखाही वर येतो. म्हणून तोंड आणि माइक यांत चार ते सहा बोटांचे अंतर राखावे आणि माइक ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित तिरका ठेवावा. मराठीत ‘फ’, ‘भ’, ‘ख’ अशा महाप्राण वर्णांची रेलचेल असल्याने हा तिरकेपणा आपल्याला विशेष उपयोगी पडतो, कारण श्वासाचा झोत माइकच्या आतील पडद्यावर थेट आदळत नाही. याहून जवळ गेल्यास खालचे स्वर फुगतात; शुअर कंपनीच्या एसएम7बी या डायनॅमिक माइकला मागील बाजूस हे स्वर उतरवणारा स्विच आहे, तर इलेक्ट्रो-व्हॉइस कंपनीच्या आरई20 या माइकची रचनाच हा फुगवटा कमी राखण्यासाठी केलेली आहे.

एसएम7बीला बोलण्यासाठी साधारण 60 डेसिबल गेन लागतो, आणि स्वस्त इंटरफेसची (माइक संगणकाला जोडणाऱ्या यंत्राची) बटणे तेवढी फिरवली की खरखर ऐकू येऊ लागते. अशा वेळी माइकला दोष न देता चांगला प्रीॲम्प (माइकचा संकेत वाढवणारे यंत्र) घ्यावा किंवा केबलमध्ये बसणारा लहान वर्धक जोडावा. माइकला स्वतःला फँटम पॉवर (केबलमधूनच दिला जाणारा वीजपुरवठा) लागत नाही, पण या वर्धकाला ती लागते. सर्वांत मोठा उच्चार ध्वनिमुद्रणाच्या मीटरवर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहील अशा बेताने गेन ठेवला, की ऐन भरात आलेला वक्ताही आवाज फोडत नाही.

निगेचे काम फार अवघड नाही, ते नियमित मात्र हवे. अनेकांची थुंकी झेलणारा माइकवरचा फोम कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा. पावसाळ्यात तो लवकर वाळत नाही, म्हणून दुसरा हाताशी असावा. ओला फोम माइकवर कदापि चढवू नये. चालू आहे की नाही हे पाहण्यासाठी माइकवर फुंकर मारणे किंवा टिचकी देणे ही खोड तर ताबडतोब सोडली पाहिजे. आत लोहचुंबक असल्याने लोखंडाची बारीक पूड त्याकडे ओढली जाते आणि पडद्याची हालचाल अडते, म्हणून कक्षात ड्रिलचे काम निघाल्यास माइक आधी बाहेर न्यावा. केबल कोपराभोवती आवळून गुंडाळू नये, आणि काढताना तिला न ओढता प्लग धरावा. कोकणासारख्या दमट हवेत वापर संपल्यावर माइक सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या बंद डब्यात ठेवणे हितावह ठरते. डायनॅमिक माइक दमटपणा बराच सोसतो, पण प्लगच्या पिना गंजतात.

म्हणून संस्थांना विनंती आहे की, माइकच्या खरेदीला मंजुरी देतानाच पाऊण किलोचा भार पेलणारा भक्कम स्टँड, एक जादा फोम आणि एक जादा केबल यांचाही खर्च मंजूर करावा, आणि कक्षाची जबाबदारी नाव घालून एका कर्मचाऱ्याकडे सोपवावी.

आपला नम्र,
एक ध्वनिमुद्रण तंत्रज्ञ, रत्नागिरी