फाल्गुनातल्या कुंड्या

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

धणे पेरून आठ दिवस झाले तरी कुंडीत काहीच दिसत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. आधी एकच सांगते, माती उकरून बघू नकोस. धण्यातून पहिल्यांदा मूळ फुटतं आणि सरळ खाली जातं, कोंब मागाहून येतो. उकरलंस की नेमकं तेच सुतासारखं पांढरं मूळ तुटतं. मग दाणा कुजतो आणि आपण बियाण्याला नावं ठेवतो. कोथिंबीर उगवायला आठ ते बारा दिवस घेतेच. पंधरवडा उलटला तरी काही आलं नाही, तर मात्र धणे जुने होते असं समज.

पुढच्या वेळी धणे लाटण्याने हलके रगडून त्यांचे दोन भाग कर. एका धण्यात दोन बिया असतात, पण फार जोर लावलास तर आतला गर फुटतो. रात्रभर पाण्यात भिजव आणि सकाळी एक सेंटिमीटर खोल पेर. कुंडी निदान सहा इंच खोल हवी. कोथिंबिरीचं सोटमूळ खाली जातं, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला मानवत नाही. आधी दोन लांबट पानं दिसतील. कातरलेली, ओळखीची पानं त्यानंतर येतात. साधारण चाळीस दिवसांनी, रोप वीतभर झालं की वरचं काप आणि खालचे तीन-चार बोटं ठेव. घाईने लवकर कापलीस तर दुसरा फुटवा कमजोर येतो.

तुझी बाल्कनी पश्चिमेची. मार्चमध्ये दुपारी पारा तिशीच्या वर गेला की कोथिंबिरीला फुलोरा धरायची घाई होते. पानं बडीशेपेसारखी बारीक होतात आणि चव जाते. त्यावर खत हा उपाय नाही. कुंडी सकाळचं ऊन येईल तिथे सरकव, दुपारी हिरवी जाळी लाव आणि दर पंधरा दिवसांनी मूठभरच पेर. चैत्र उजाडला की मात्र कोथिंबिरीचा नाद सोड आणि पुदिन्याकडे वळ.

पुदिना बाजारच्या जुडीतूनच लावता येतो. जाड, टणक काड्या निवड, चार-पाच इंचाच्या ठेव आणि पेराच्या लगेच खाली तिरका काप घे. खालची पानं काढून पाण्यात उभ्या कर, दर दोन दिवसांनी पाणी बदल. आठ-दहा दिवसांत पेरांतून मुळं येतात. मुळं इंचभर होऊ दे, मगच मातीत लाव. नंतर महिनाभर एक पानही तोडायचं नाही. या दिवसांत वर काही होत नाहीसं वाटतं, पण आत तो आडवे धुमारे पसरत असतो. म्हणूनच त्याला स्वतंत्र, पसरट कुंडी लागते. दुसऱ्या कुणाबरोबर लावलास तर त्या रोपाची जागा खाऊन टाकतो.

रोपं मरतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने. सकाळी बोट दोन पेरं मातीत घाल; ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. कोवळी रोपं जमिनीलगत काळी पडून आडवी झाली तर ती मर, म्हणजे बुरशीचा रोग आहे. साचलेली ओल, दाट पेरणी आणि कोंडलेली हवा यांतून ती बुरशी वाढते. कोलमडलेली रोपं उचलून टाक, उरलेली विरळ कर आणि पाणी थांबव. माती दोन भाग पोयटा म्हणजे गाळाची माती, एक भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा अशी घे. भोकावर खापरी ठेव, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी साचत नाही.

तुळस थंडीने खराटा झाली असेल. सगळ्या मंजिऱ्या खुड, शेंडे एक तृतीयांश छाट आणि मूठभर खत दे. दोन-तीन आठवड्यांत प्रत्येक पेरातून दोन-दोन फांद्या फुटतील. मंजिरी राहू दिलीस तर झाडाची सगळी ताकद बियांत जाते.

कढीपत्त्याबद्दल तू सगळ्यात जास्त अधीर आहेस आणि थांबायचं खरं तर तिथेच आहे. हिवाळ्यात तो जवळजवळ झोपलेला असतो, पानं पिवळी पडून गळतात. तो गेला असं धरून पाणी वाढवू नकोस, त्यानेच तो खरोखर जाईल. नखाने साल किंचित खरवड. आत हिरवं दिसलं तर जिवंत आहे. आता नवी पालवी येईल, तेव्हा शेंडा एकदा खुड म्हणजे बाजूला फांद्या फुटतील. बाकी पहिलं वर्षभर फोडणीसाठी त्याला हात लावू नकोस, कढीपत्ता बाजारातून आण. बियांपासून करायचा असेल तर पावसाळ्यात काळी पिकलेली फळं मिळतात. गर धुऊन त्याच आठवड्यात पेरायची, कारण साठवलेली बी लवकर निकामी होते.

पानांवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे दिसले तर लिटरभर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवार. उन्हात फवारलंस तर पानं करपतात. नंतर आठवडाभर त्या झाडाची पानं खायला घेऊ नकोस.

गवती चहाचा ठोंब पाठवते आहे. लावण्याआधी पाती वीतभर ठेवून काप.

तुझी,
आई