बावन्न स्पीडचं वेड

कराड, 12 ऑक्टोबर 2003

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ‘बावन्न स्पीडचाच सीडी रायटर घ्यायचा’ हे त्यात तीनदा आलंय. तो बिघडला तर कुणाकडे न्यायचा, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी हे लिहितोय.

एक स्पीड म्हणजे सेकंदाला 150 केबी. पण बावन्नचा आकडा गाठला जातो तो सीडीच्या अगदी बाहेरच्या कडेला. आतून सुरुवात होते तेव्हा वेग निम्म्याहूनही कमी असतो. म्हणून 700 एमबीची सीडी भरायला त्याला तीनेक मिनिटं लागतात, चोवीसवाल्याला चारेक. त्या एका मिनिटात तू काय दिवे लावणार आहेस? आता दुकानांत बावन्नचेच दिसत असतील तर घे, पण त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस.

आमच्या पतसंस्थेतली गंमत तुला सांगितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी स्वस्तात मिळाला म्हणून आठ स्पीडचा रायटर आणला. एकदा लेझर लिहायला लागला की त्याला माहिती अखंड पुरवावी लागते. आमचा जुना कॉम्प्युटर मधेच दम खायचा, बफर, म्हणजे रायटरमधला माहितीचा तात्पुरता साठा, रिकामा व्हायचा आणि सीडी वाया. सीडी लिहिताना कुणी माऊसला हात लावायचा नाही, असा साहेबांचा हुकूम होता! वाया गेलेल्या सीड्या तुझ्या काकांनी ज्वारीत पाखरं हाकायला टांगल्या. त्या कामाला मात्र उत्तम.

आपला घरचा सेलेरॉन कॉम्प्युटरही 128 एमबी रॅमवरच चालतो. तेव्हा खोक्यावर बफर अंडररनपासून, म्हणजे बफर असा रिकामा होण्यापासून, संरक्षण आहे असं लिहिलंय का, ते वाच. कुणी त्याला बर्न-प्रूफ म्हणतं, कुणी आणखी काही. माहिती कमी पडली की असा रायटर थांबतो आणि पुढे तिथूनच लिहायला लागतो.

खरी गोम वॉरंटीची. आमचा रायटर सहा महिन्यांत बंद पडला. दुकानदार म्हणाला, कंपनीकडे पाठवा. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मुंबईत. न्यायला-आणायला गेलेल्या पैशांत आणखी थोडे घातले असते तर नवा आला असता. सोनी घे, सॅमसंग घे, एलजी घे, माझी हरकत नाही. फक्त सर्व्हिस सेंटर पुण्यात आहे का, ते आधी स्वतः जाऊन बघ. पक्कं बिल घे, त्यावर सीरियल नंबर लिहून घे. दुकानातच एक सीडी लिहायला लाव आणि ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघ. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू सीड्यांचा ढीग आणू नकोस, एखादी पुरे. जुन्या प्लेअरवर त्या बऱ्याचदा चालत नाहीत. आणि लिहिलेल्या सीडीच्या वरच्या बाजूला बॉलपेन चालवू नकोस. माहितीचा थर त्याच बाजूला, लेबलच्या लगेच खाली असतो. लोक खालची बाजू जपतात आणि वरची ओरबाडतात.

अडीच हजार मामाकडे दिलेत. उरले तर परत आण.

तुझे,
बाबा

ता. क. जुना सीडी ड्राइव्ह काढायचा नाही. दोन्ही एकाच केबलवर बसतील. एकाचा जंपर (मागच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरला, म्हणजे पहिल्या क्रमांकाला, दुसऱ्याचा स्लेव्हला, म्हणजे दुसऱ्या. ते मी आल्यावर करू, तू एकटा कॅबिनेट उघडू नकोस. आई सांगते, एसटीत खोकं वर फळीवर ठेवू नकोस, मांडीवर घेऊन बस.